भागा व, घर चाल

अभिमनचा हिशोब सरळ होता. एक गाणं द्यायचं आणि बदल्यात बायको, दोन वेळची गरम भाकर आणि सासुरवाडीत गेलेली इज्जत, हे तिन्ही घरी आणायचं. धुळे-जळगावच्या मांडवांत वीस वर्षं अहिराणी गाणी म्हणणाऱ्याला हा सौदा स्वस्तच वाटला.

गुन्हा तसा कबूल होता. सख्ख्या मेहुण्याच्या लग्नात गडी दुसऱ्याच गावच्या वरातीत गात होता. त्यावर बायको भागाबाई आखाजीच्या सणाला शिरपूरकडे माहेरी गेली, ती झाडाला बांधलेले सणाचे झोके उतरले तरी परतली नाही.

जळगावला कॅसेटवाल्या रुपचंदशेठकडे गाणी भरताना शेवटी चार मिनिटं उरली.

"शेठ, बायकोसाठी एक म्हणू?"

"म्हण. पण नुसतं राणी-बिनी नको. तिचं नाव, गाव, बाप, सगळं घाल. निदान त्या गावचे तरी कॅसेट घेतील."

अभिमनने सगळं घातलं. सासरे धनसिंग आबांचं घर, दारातला लिंब, निळा दरवाजा, चुकवलेलं लग्न, आणि ध्रुपदाला 'भागा व, घर चाल'.

तुळशीचं लग्न लागलं आणि बँडवाल्यांनी दुसरं काही वाजवायचं सोडलं. शिरपूरच्या वाटेवरची वऱ्हाडं निळ्या दरवाजाशी थांबू लागली. एका वऱ्हाडाने तर भागाबाईला समजवायला हळदीची नवरीच ट्रॅक्टरवरून खाली उतरवली.

शेवटी अभिमन स्वतः गेला. दारात ही गर्दी. एक म्हातारी म्हणाली, "रांगमा उभा ऱ्हाय, भाऊ. आम्हीबी तिले समजाडालेच उनूत."

भागाबाई बाहेर आली. "माफी चुल्हापाशी मांगतस, भोंगावर नही."

"तुले ऐकू जावाले पाहिजे म्हणीसन..."

"सारा खान्देशले ऐकू गई. आते मी उनू ते लोक म्हणतीन, गाणं जिकनं."

"मंग येशी कव्हय?"

"लोक हाई गाणं भूलतीन तव्हय."

अभिमन तसाच एसटीने जळगावला. "शेठ, ती कॅसेट बंद करा."

"येडा का तू? दुसरा भाग काढतोय. वहिनी आल्या नाहीत ना अजून?"

"नाही."

"शाब्बास. लग्नसराई होईपर्यंत येऊ देऊ नको."

ते गाणं पुन्हा म्हणायचं नाही, अशी अभिमनने शपथ घेतली. ते गाणं नाही म्हणून त्या आठवड्यात तीन सुपाऱ्या परत गेल्या. चौथ्या मांडवात तो डोळे मिटून तेच गायला आणि आवाज इतका खरा लागला की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. गाणं आणखी गाजलं.

तेव्हा आता जमाखर्च ऐका. रुपचंदशेठच्या दुकानावर मजला चढला. बँडवाल्यांना हुकमी चाल मिळाली. आबांच्या लिंबाखाली चहाची टपरी उभी राहिली, आणि मेहुण्याचं लग्न कुणी विसरू म्हटलं तरी विसरेना. खर्चाच्या बाजूला एकटा अभिमन, तोही एकरकमी नव्हे; रोज एका मांडवात थोडा थोडा, वन्समोअरसकट.