राख तपासणारे डोमाजी काका

डोमाजी काका कुणाच्याही घरी गेले की आधी चुलीतल्या राखेत हात घालतात. पाणी नंतर, ख्यालीखुशाली त्याहून नंतर. चिमूटभर राख बोटांत चोळायची, उजेडात धरायची आणि घरच्या बाईला निदान सांगायचं, "बाई, अर्धा कोळसा तं राखेतच रायला. तुमचा बॉयलर बिमार आहे." आमच्या आंधळगावात आता घरोघरी गॅस आहे, पण आंघोळीचं पाणी अजून अंगणातल्या चुलीवर तापतं. त्यामुळे काका दिसले की बाया आधी राख उकिरड्यावर टाकतात, मग दार उघडतात.

काका कोळशावरच्या वीज केंद्रातून निवृत्त झालेले. कमी कोळशात जास्त वीज कशी निघेल हे बघणाऱ्या विभागात होते. साहेबलोक संगणकाकडे बघत, काका नळ्यांकडे. एकदा वाफेच्या मोठ्या नळीवरचं आवरण फाटलं आणि उष्णता बाहेर जायला लागली. काकांनी तीनदा सांगितलं. साहेब म्हणाले, "रीडिंग बरोबर आहे." चौथ्या दिवशी काकांनी आपलं ओलं बनियन त्या फाटक्या जागेपाशी टांगलं, चहा पिऊन आले आणि खडखडीत वाळलेलं बनियन भर मीटिंगमध्ये साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

"साहेब, हा माहा रिपोर्ट. आपला कोळसा माहे कपडे वाळवून रायला."

आवरण त्याच आठवड्यात बदललं. बनियन परत देताना साहेबांनी ते पट्टीनं उचललं, याचा मात्र काकांना अजून राग आहे.

निवृत्तीनंतर हा सगळा कारभार गावावर आला. माझ्या पुतणीच्या लग्नात त्यांनी आचाऱ्याची भट्टी मातीनं लिंपायला घेतली. "हवा जास्त झाली का गरमी धुरासंगं पळते, गुरुजी!" असं मला, गावच्या शाळामास्तराला, समजावत होते. शास्त्र खरं होतं, माती जास्त झाली. भट्टी विझली, भात कच्चा आणि वऱ्हाड दारात. आचारी झारा घेऊन मागे लागला. काका मांडवाभोवती पळता पळता ओरडत होते, "हवा थोडी कमी पडली! थोडीशीच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडायला त्यांच्या घरी गेलो. काका अंगणात पाणी तापवत होते. काकू जरा दूर खाटेवर बसलेल्या, दोन शब्द बोलल्या तरी दम लागत होता.

"सरका, मी तापवते," काकू म्हणाल्या.

"तू बसून राय."

माझा राग अर्धा तिथंच गेला. मी विचारलं, "काका, काहून एवढं लागता चुलींच्या मागं?"

ते लाकूड सारत राहिले. मग हळूच म्हणाले, "नोकरीभर मी तिथल्या बॉयलरचा धूर पायला, गुरुजी. तुमची काकू इथं धुरात बसून भात रांधे. येक डाव बी वाकून चुलीत नाही पायलं मी. गॅस आला तवा डॉक्टर म्हणे, लय उशीर झाला."

वारा फिरला. धुराची बारीक रेघ काकूंकडे वळली. काका उठले, काकूंसकट खाट ओढून दुसऱ्या बाजूला नेली आणि परत चुलीपाशी येऊन बसले.

मी होतो तेवढ्या वेळात वारा आणखी तीनदा फिरला. तिन्ही वेळा ते उठले.