मापाचे उखाणे

खोली बघायला गेलो तेव्हा तात्यांनी मला कंपनी विचारली नाही की पगार विचारला नाही. ओट्यावर बसून सुपारी कातरता कातरता त्यांनी एकच प्रश्न टाकला, "उखाना येतो का?"

माझं लग्न अजून व्हायचंय, असं मी सांगितलं. त्यावर तात्या म्हणाले, मग तर आत्तापासूनच शिकायला पाहिजे, आजच सामान आणा. असा मी, लातूरचा सोमनाथ, आयटीवाल्यांच्या चुका शोधणारा टेस्टर, आयटी पार्काला खेटलेल्या माण गावात तात्यांचा भाडेकरू झालो. दहा खोल्यांची ती बैठी चाळ तात्यांच्याच भातखाचरात उभी होती. माझ्या कॉटच्या जागी पूर्वी आंबेमोहर पिकायचा, हे ते मला महिन्यातून एकदा तरी ऐकवत. जणू तो मीच उपटून टाकला होता!

पहिल्या सकाळी मला जाग आली ती टणटण आवाजानं. बाहेर येऊन बघतो तर तात्या करंगळीतली अंगठी पितळी तांब्यावर वाजवतायत. ही बायकोला हाक होती. एकदा वाजला की चहा. दोनदा वाजला की चष्मा सापडत नाही. आणि सलग वाजत राहिला की भांडायचं आहे, बाहेर ये. त्यांच्या मंडळींचं नाव हौसाबाई. आम्ही भाडेकरू त्यांना मावशी म्हणायचो. बावन्न वर्षांच्या संसारात तात्यांनी या बाईला एकदाही नावानं हाक मारलेली नव्हती.

आणि गंमत बघा, याच माणसाचे उखाणे घेऊन अख्ख्या रिहे खोऱ्यातली पोरं-पोरी बोहल्यावर चढत होती. पत्रिका छापायच्या आधी लोक तात्यांकडे येत. पण तात्या म्हणजे काही दुकान नव्हतं. तयार उखाणा ते कुणालाच देत नसत. "ब्लाउज कसा मापाचा शिवत्यात? तसंच हाय ह्ये," असं म्हणत ते समोरच्याची उलटतपासणी घेत. एकदा आमच्या कंपनीतली एक मॅडम आली. ऑफिसात पारंपरिक दिवस होता, तिला पाच-सहा उखाणे हवे होते, जरा हटके. तात्यांनी तिला शांतपणे विचारलं की तुमच्या मालकाच्या, म्हणजे नवऱ्याच्या, शर्टाला घामाचा वास कसा येतो. मॅडम जी स्कूटीवर बसली ती थेट आयटी पार्काच्या फेज थ्रीलाच उतरली असेल. तात्या मात्र हळहळले. "जिला वास ठावं न्हाई, तिला उखाना काय कामाचा?"

माले गावचा एक नवरदेव आला होता. बायको कशी आहे विचारल्यावर त्यानं तिची डिग्री सांगितली, पॅकेज सांगितलं आणि गप्प बसला. तात्यांनी त्याला हाकलून दिलं. जा म्हणाले, तिला घेऊन पौडला भेळ खा आणि ती त्यातलं पहिलं काय उचलते ते मला येऊन सांग. बापडा आठ दिवसांनी परत आला. चेहरा फुललेला. ती शेंगदाणे वेचते आणि माझ्याकडे सरकवते, म्हणाला. तात्यांनी मांडीवर थाप मारली, आत जाऊन ट्रंक उघडली, बराच वेळ खुडबुड केली आणि बाहेर येऊन त्याला उखाणा दिला.

त्या ट्रंकेत लाल कापडी बांधणीची एक वही होती. ती कुणाला दाखवायची नाही, बियाण्याला नजर लागते, असं तात्यांचं म्हणणं. किल्ली करदोट्याला. मी एकदा म्हणालो, तात्या, यमक जुळवायला एवढं काय लागतं, आता मोबाईलसुद्धा जुळवून देतो. ते रागावले नाहीत. सुपारीचं खांड गालात सरकवून म्हणाले, "यमक कुनालाबी जमतं. ज्याच्यासाठी हाय त्ये मानूस डोळ्याम्होरं हलाया पायजे. जीव लावल्याबिगर उखान्याची वळ येत न्हाई बघ, अन् वळ आली की जीव आनिक जडतो. म्होरं काय अन् मागं काय, मलाबी आजून उमगलं न्हाई."

मावशींचं दुखणं मला एका रविवारी कळलं. त्या तांदूळ निवडत होत्या, मी शेजारी उगाच लुडबुडत होतो. बोलता बोलता त्या स्वतःच्या लग्नावर आल्या. सासरच्या दारात बायकांनी वाट अडवली. मावशींनी नवऱ्याचं नाव घेतलं, चांगलं खणखणीत. तात्यांची पाळी आली आणि त्यांची दातखीळ बसली. शेवटी आत्यानं दंडाला धरून आत ओढलं. तेव्हापासून मावशी वाट बघत होत्या. हळदीकुंकवाला बायका चिडवायच्या, की मालक गावाला उखाणे वाटतो आणि घरची कोरडीच. "समद्या पोरींची नावं ह्यांनी सजवली. माझंच तेवढं ऱ्हायलं," मावशी म्हणाल्या आणि सुपातला खडा जरा जास्तच लांब फेकला. मी म्हटलं, वहीत असेल की तुमचाही एखादा. त्या म्हणाल्या, असला तर असला, मला कुठं वाचता येतंय.

यथावकाश माझं रेवतीशी ठरलं. तात्यांनी माझी पण उलटतपासणी केली. मी आपलं प्रामाणिकपणे सांगितलं, की ती फोन उचलल्यावर हॅलो म्हणायच्या आधी हसते आणि मी फोन कशाला केला तेच विसरतो. तात्या माझ्याकडे बघतच राहिले. मग सुपारी बाजूला ठेवून आत गेले. त्या दिवशी खुडबुड झाली नाही, लगेच बाहेर आले. उखाणा हळू आवाजात सांगितला आणि बजावलं, की हा लातूरला मांडवात उधळायचा नाही, इथल्या दारात माप ओलांडताना घ्यायचा.

लातूरला निघायच्या दिवशी माझ्या लक्षात आलं की दुसरी ओळ साफ विसरलोय. तात्या पौडला तलाठ्याकडे गेलेले. मी रडकुंडीला आलेला बघून मावशींनी ट्रंकेचं झाकण सरळ उचललं. कुलूप नुसतं शोभेचं होतं, कडी कधीच तुटलेली. वही माझ्या हातात देऊन त्या म्हणाल्या, घे बाबा, यातच असेल. बाहेर रिक्षा भोंगा वाजवत होती. माझा उखाणा खाचरानं सुरू होत होता, तेवढा शब्द दिसताच मी पानाचा मोबाईलवर फोटो काढला आणि पळालो.

लग्न करून आम्ही माणला आलो ती दुपार मला लख्ख आठवते. मावशींनी दाराला आंब्याचा डहाळा बांधला होता, उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं होतं. चाळीतल्या बायका वाट अडवून उभ्या. तात्या ओट्यावर, नव्या टोपीत. रेवतीनं माझं नाव झोकात घेतलं आणि माझ्याकडे बघून हसली. झालं! मला काही म्हणजे काही आठवेना. मी मोबाईल काढला, लग्नाच्या धांदलीत एकदाही न बघितलेला तो फोटो उघडला आणि जे दिसलं ते मोठ्यानं वाचून टाकलं.

"खाचरात पानी साठलं, आभाळ त्यात उतरलं,
हौसा हसली अन् मन बोलायचं इसरलं."

रेवतीचं हसू मावळलं. कोण ही हौसा, तिनं मला विचारलं. खरं सांगतो, दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणाऱ्या माणसानं स्वतःच्या उंबऱ्यात एवढी मोठी चूक करावी! तेवढ्यात रेवतीनं मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि पानावरचा पुढचा उखाणा वाचला.

"आंबेमोहर शिजला, वास गेला वेशीपातुर,
हौसा रुसली तरी जेवत न्हाई मी येईपातुर."

तशी तीन नंबरच्या खोलीतली सुनीता ओरडली, की हा तर आमच्या ह्यांनी घेतला होता! त्याखालचा होता मुळशी धरणाच्या भिंतीचा. तो पलीकडच्या वहिनींच्या लग्नातला निघाला. त्यातही हौसाच. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तात्यांनी आम्हा कुणासाठीच उखाणा रचला नव्हता. ते माप तेवढं घ्यायचे आणि मग ट्रंकेतल्या एवढ्या हौसांमधून कुणाला कुठली बसते ते शोधून नुसतं नाव बदलून द्यायचे. मला मात्र त्यांनी स्वतःच्या लग्नात उंबऱ्यावर तोंडातून न फुटलेला, हौसा हसली आणि बोलायचंच विसरलं तो दिला होता. तो लगेच सापडला, कारण शोधावाच लागला नव्हता.

सगळ्यांच्या माना मावशींकडे वळल्या. औक्षणाचं ताट त्यांच्या हातात तसंच होतं. त्या तात्यांकडे बघून म्हणाल्या, "मला का न्हाई सांगितलं?"

तात्या उठले. टोपी काढली, पुन्हा घातली. "बसत नव्हता," एवढंच म्हणाले. "लिवला की वाटायचं, आजून तू त्यात न्हाईस." आता एकदा तोंडानं घ्या की, बायकांनी गलका केला. तात्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पायात वहाणा सरकवल्या आणि चालू लागले, ते थेट ओढ्याच्या दिशेनं. बावन्न वर्षांनी पुन्हा तेच! मला तर भयंकर अपराधी वाटलं. मावशींनी आम्हाला ओवाळलं, रेवतीला माप ओलांडायला लावलं, जेवायला वाढलं. सगळं निगुतीनं केलं, पण त्यांचं लक्ष घरात नव्हतं.

आता आम्ही वाकडला अकराव्या मजल्यावर राहतो. खाली चोवीस तास गाड्यांचा आवाज असतो, पण जाग येण्यासारखा आवाज एकही नाही. मला माणची, माप ओलांडलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ आठवत राहते. मावशी आमच्या पायरीवर बसून रेवतीला तांदूळ निवडायला शिकवत होत्या. ओट्यावर तांब्या वाजला. एकदा. मावशी हलल्या नाहीत. दोनदा वाजला. मी म्हटलं, मावशी, तांब्या वाजतोय. त्या म्हणाल्या, वाजू दे. मग तो सलग वाजत राहिला आणि एकाएकी थांबला. रेवतीचा हातसुद्धा सुपात थबकला.

मग ओट्यावरून आवाज आला, खाकरलेला, चाचरत, जेमतेम पायरीपर्यंत पोचणारा. "हौसा."

मावशींनी पदरानं डोळे टिपले. रेवती त्यांना हात धरून उठवायला गेली, तर त्यांनी तिलाच खाली बसवलं.

"थांब गं," त्या हळूच म्हणाल्या. "आजून एकदा म्हनू दे."