गुंडूअण्णांचं राळेचं मलम

गुंडूअण्णांचा उजवा बूट पावसाळ्यातही चकचकीत असे आणि डाव्यावर पांढरी बुरशी माजलेली असे. उजव्याला ते राळेचं तेल चोपडत, डाव्याला मुद्दाम काही लावत नसत. हाच जोड घालून ते लग्नाकार्यांना जात आणि भेटेल त्याला पाय पुढे करून दाखवत.

साठ सालाच्या आसपास बंगळूरच्या मल्लेश्वरम भागातल्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघे झाडांचे डिंक आणि राळ उकळत असू. अण्णा बेळगावकडचे. राळेच्या तेलाने जंतू मरतात, तूप खवट होत नाही, यावर त्यांची कुलदैवतापेक्षा जास्त श्रद्धा. पण पुरावा म्हटला की देवाचीही गय नाही. "लावलं नि गुण आला, एवढ्यानं काय होतंय? न लावलेला जोडीदार कुठाय?" शिकवणीमुळे माझा मुलगा पास झाला म्हटल्यावर म्हणाले, "दुसरा बिनशिकवणीचा ठेवला होतास काय?" मला एकच मुलगा आहे.

त्यांनी राळेचं मलम केलं. भाजलेली जखम त्याने चिघळत नाही, असं त्यांचं म्हणणं. प्रयोगशाळेचे साहेब म्हणाले, माणसावरचा पुरावा आणा, मगच पुढचं काम मंजूर. तेव्हापासून अण्णा भाजलेल्या माणसाच्या शोधात. गल्लीतल्या बायका त्यांना पाहिलं की चुलीपासून लांब सरत.

अन् एके दिवशी अण्णांच्या घरात, वहिनींच्याच हातांवर उकळतं सारू, म्हणजे आपलं सार, सांडलं. दोन्ही हात सारखेच भाजले. डॉक्टर म्हणाले, वरवरचं आहे, घरचं मलम चालेल. प्रयोगशाळेत आम्हाला हळहळ वाटली, पण खरं सांगायचं तर थोडा आनंदही झाला. असा योग मागून मिळत नाही.

संध्याकाळी मी अण्णांच्या घरी गेलो. वहिनींच्या दोन्ही हातांना मलम होतं आणि अण्णा त्यांना दहीभात भरवत होते.

हात छान बरे झाले. ते मलमाने की आपोआप, हे मात्र सिद्ध होणार नव्हतं. साहेबांनी विचारलं, "न लावलेला हात कुठे आहे?" काम तिथेच बंद पडलं.

मी चिडलो. "अण्णा, एवढी वर्षं आम्हाला छळलंत, आणि ऐन वेळी हे?"

"तिनं आपणहून डावा हात मागं घेतला होता रे," अण्णा म्हणाले. "म्हणाली, हा राहू दे तुमच्या कामाला. मी स्वल्प थांबलोही. मग तोच हात आधी धरला."