पाच नंबरच्या लेनची निर्दोष वेळ

वेळ मोजण्यात पक्षपात होऊ नये म्हणून जलतरण स्पर्धेच्या संयोजकांनी नियम केला होता: आपलं मूल ज्या लेनमध्ये पोहतंय, त्या लेनची वेळ पालकाने घ्यायची नाही, शेजारच्या लेनची घ्यायची. पालकाला मान एकच असते, हे नियम करणाऱ्यांच्या ध्यानात आलं नसावं.

त्या नियमानुसार, रक्त तपासणीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ असलेले एक बाबा स्टॉपवॉच घेऊन पाच नंबरच्या लेनशी उभे राहिले. मुलगी चारमध्ये होती. जाऊन-येऊन पन्नास मीटरची शर्यत, पहिल्या दोघींचीच पुढच्या फेरीसाठी निवड. बाबा अचूक माणूस. पेशी मोजताना शिंक आली, तर पुन्हा एकपासून मोजणारे. पण शिट्टीसरशी घड्याळ सुरू केलं तेव्हा ते मुलीच्या गॉगलची पट्टी पिळलीय की काय ते बघत होते, आणि नंतर मान तिकडून हललीच नाही. मुलीचा हात भिंतीला लागला, खरं तर लागणारच होता, तेवढ्यात त्यांचा अंगठा दाबला गेला. चौतीस पूर्णांक त्रेपन्न. त्या लेनचे बाकीचे दोन वेळाधिकारी, एक विमा एजंट आणि एक निवृत्त शिक्षिका, आपापलं घड्याळ सुरू करायलाच विसरले होते. त्यांनी बाबांच्या खांद्यावरून डोकावून तीच वेळ लिहिली.

पाच नंबरची मुलगी पाण्यात उतरलीच नव्हती. वेग वाढावा म्हणून आईने दोन मापं लहान घेतलेला पोशाख ती अजून अंगात चढवत होती.

निकाल लागला. रिकामी लेन दुसरी आली. चार नंबरवाल्यांनी बाबांच्या मुलीची वेळ नीट घेतली होती, चौतीस पूर्णांक एकसष्ट. ती तिसरी.

बाबा तक्रार घेऊन पंचांच्या टेबलापाशी गेले. मुख्य पंचांनी फाईल उघडली, चष्मा वर सरकवला आणि शांतपणे सांगितलं की तिन्ही घड्याळं शतांश सेकंदापर्यंत जुळल्याची ही दिवसातली एकमेव नोंद आहे. शिवाय पाच नंबरच्या मुलीने ना सुरुवात चुकवली, ना वळताना चूक केली. इतकं स्वच्छ पोहणं हल्ली बघायला मिळत नाही.

तेवढ्यात ती मुलगीच धापा टाकत आली आणि आपली शर्यत कधी आहे, असं विचारू लागली. पंचांनी तिचं अभिनंदन केलं. आपण पोहलोच नाही, असं ती म्हणाली, तेव्हा त्यांनी तिला गैरहजेरीचा अर्ज अर्धा तास आधी द्यायचा असतो, हे कलम दाखवलं. अर्ज नाही, म्हणजे हजर.

"अहो, तिचे केस बघा, कोरडे ठणठणीत आहेत," बाबा म्हणाले.

"टोपी चांगल्या प्रतीची असेल."

मग तिची आई आली. आवाज पार बसलेला. "ओरडून ओरडून घसा गेला माझा, आणि हे म्हणतात पोहलीच नाही! तू गप गं, तुला काय कळतं?"

बाबांची मुलगी निथळत उभी होती. "बाबा, तुम्ही तिथेच होतात ना? सांगा की त्यांना."

बाबांनी सांगितलं. "लेन रिकामी होती. मी हिच्याकडे बघत होतो."

पंचांनी पेन उचललं. कर्तव्यावर असताना स्वतःच्या अपत्याकडे बघणं, हा पक्षपात. बाबांची नोंद रद्द झाली. राहिलेल्या दोन नोंदी एकमेकींशी तंतोतंत जुळत असल्यामुळे दोन स्वतंत्र पुरावे म्हणून कायम झाल्या.

शेवटचा उपाय म्हणून व्हिडिओ मागवले. सव्वीस फोन आले. प्रत्येकात एकच मूल होतं, बाकीच्या लेनमध्ये फक्त फेस. घसा बसलेल्या आईच्या व्हिडिओत मात्र एक मुलगी सुरुवातीपासून शेवटपर्यंत सुरेख पोहत होती.

"ही माझी मुलगी आहे," बाबा म्हणाले.

"टोप्या सगळ्यांच्या निळ्याच," पंच म्हणाले. "मागे आवाज यांचा येतोय, नाव यांच्या मुलीचं घेतायत. तुमचा व्हिडिओ कुठेय?"

बाबांच्या हातात त्या वेळी स्टॉपवॉच होतं. त्यांच्याकडे व्हिडिओ नव्हता. म्हणजे त्यांची मुलगी पोहली याचाच पुरावा नव्हता. तरीही माणुसकी म्हणून तिचा तिसरा क्रमांक काढून घेतला गेला नाही.

आईने तो व्हिडिओ तिथल्या तिथे सगळ्या ओळखीपाळखीत पाठवला, "दुसरी आली आमची!" असं लिहून. पाच मिनिटांत एकशे चाळीस जणांनी अंगठा दिला. जनमत म्हणून पंचांनी त्या यादीची प्रत फाईलला जोडली आणि निवड अंतिम केली.

यादीत तुमचंही नाव आहे. व्हिडिओ तुम्ही उघडला नव्हता.