चिंचेने घासलेल्या सूक्ष्मदर्शकाची हकीकत

श्रीगजवदनास नमन, आणि सूक्ष्माचे विराट करून दाखविणाऱ्या भिंगासही नमन. शके एकोणीसशे चव्वेचाळीस, शुभकृत् नाम संवत्सरी, आश्विन वद्य द्वितीयेस राज्यात एक पत्र आले आणि त्याचे उत्तर तीन वर्षे गेले नाही. ते का गेले नाही आणि पुढे कैसे गेले, ती हकीकत ऐसी जे:

राज्य म्हणजे दोन खोल्या आणि एक गॅलरी. राजे मोरेश्वरपंत, निवृत्त ग्रंथपाल, अति भिडस्त. दूध पातळ आले तरी दूधवाल्यास बोलावयास धजत नसत. परंतु जुनी पितळी सूक्ष्मदर्शके जमविण्यात मोठे शूर. जुन्या बाजारांवर स्वाऱ्या करून सोळा यंत्रे हस्तगत केली आणि विलायतेचे कारागीर कोण, जर्मनीचे कोण, भिंगे कोणी घासली, ऐसे दफ्तर सिद्ध केले. त्यांत एक यंत्र देशी निघाले. नळीच्या रोगणावर बारीक अक्षरे, "केरोबा तांबट". हा केरोबा कोणत्याच ग्रंथी सापडेना, मग पंतांनी एका त्रैमासिकात चार ओळींचे टिपण छापविले आणि वाट पाहात बसले.

इतक्यात खंडेनवमी आली. त्या दिवशी शस्त्रे पुजावीत ही चाल, आणि पंतांची शस्त्रे ती हीच. देवापुढे मळके कैसे ठेवावे, म्हणोन केरोबाचे यंत्र चिंच आणि राख लावून स्वहस्ते घासले. यंत्र लखलखले, जुने रोगण गेले आणि त्यासंगे नावही गेले.

आठवे दिवशी ते पत्र. "मी केरोबांची नात, यमुना. वय सत्त्याहत्तर. घरचे म्हणतात, आजोबा घंगाळी ठोकीत, यंत्रे कुठली करणार! मी लहानपणी त्यांना भिंग घासताना पाहिले आहे. त्या नावाचा एक फोटो पाठवाल का?"

पंतांचा धीर सुटला. अकरा वेळा उत्तर लिहिले, अकरा वेळा फाडिले आणि यंत्र कपाटात बंद केले. दोन वर्षे खंडेनवमीची पूजा एकट्यानेच उरकिली. पुढे शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसु नाम संवत्सरी पुन्हा खंडेनवमी आली, तेव्हा राणीसाहेब मनोरमाबाई यंत्रे मोजून बोलिल्या, "अहो, पंधराच कशी? सोळावं कुठंय?" मग पंतांनी सर्व अपराध कबूल केला.

"तीन वर्षं गप्प बसलात? त्या बाईंना काय वाटलं असेल?"

"मी लबाड आहे असंच वाटलं असणार. नाव तर गेलं गं."

"चिंच बाहेरनं लावलीत ना? की आतही शिरला होतात?"

पंत चपापले, उठले, नळीतून नळी ओढून काढिली. आत काजळीसारखा काळा लेप जसाच्या तसा होता आणि त्यात सुईने ओरखडल्यासारखे काही. राणीसाहेबांनी नळी उजेडाकडे धरिली, आणि पंतांनी विलायती यंत्राचे भिंग काढून डोळ्यास लाविले आणि वाचिले: "केरोबाने केले. सातवे."

"सातवे," पंत म्हणाले, "म्हणजे आधीची सहा कुठंतरी आहेत!"

"असतील. आधी उत्तर लिहा. मी इथंच बसते, फाडाल म्हणून."

मग पंतांनी एका बैठकीत लिहिले: "बाहेरचे नाव मी घासून घालविले, हा अपराध माझा. आतले नाव त्यांच्या हातचे आहे, फोटो सोबत. यंत्र आपले आहे. आपण याल, की मी घेऊन येऊ?" आणि उभयता टपालपेटीपाशी गेले. तेथे पंत पाकीट धरून तसेच उभे.

"यमुनाबाई असतील ना गं अजून?"

"असतील. तुम्ही सोडा ते."

पंतांनी पाकीट सोडिले.

इतकी हकीकत जाहली तैसी लिहिली. राज्यात यंत्रे सोळा, पैकी एक पाहुणे. त्यास प्रवासाकरिता नवी पेटी करविली. सहांचा शोध जारी आहे. आणि चिंचेस मुदपाकखान्याबाहेर येण्यास कायमची मनाई जाहली.