माळावरची रेंज

माणूस निसर्गाच्या सान्निध्यात आपण होऊन जात नाही; त्याला सबळ कारण द्यावं लागतं. चाकूर तालुक्यातल्या बोरगव्हाणला ते कारण रेंजने दिलं होतं. गावात ती अजिबात नव्हती. यायची ती फक्त गावाबाहेरच्या माळावर, कडुलिंबाखाली.

त्यामुळे दिवस कलला की सगळं गाव माळावर. मोकळी हवा, होल्यांचं घुमणं, खाली फुलोऱ्यातली तूर आणि प्रत्येकाच्या हातात मोबाइल. समतोल म्हणतात तो हाच.

या समतोलाचा खरा लाभ झाला गुणाबाईंना. नांदेडला दिलेल्या लेकीशी, उज्ज्वलाशी बोलायचं म्हणून त्या नवऱ्याबरोबर माळ चढत. वर पोचल्यावर शेषेराव सोबतची बायको विसरत, ते रीतसरच होतं. पण उतरताना अर्ध्या वाटेत रेंज जाई आणि ते नाइलाजाने बोलू लागत. "औंदा तूर बरी हाय." एकदा तर, "दमलीस का?" असंही विचारलं. स्वतःच्या लग्नापासून लेकीच्या लग्नापर्यंत हा प्रश्न गुणाबाईंच्या कानावर आलेला नव्हता. या उतरणीची गुणाबाई दिवसभर वाट बघत.

अशात जिल्ह्याच्या 'मोबाइल-निसर्ग समतोल अभियाना'ची समिती पाहणीला आली (लातूरहून, गाडीच्या काचा लावून). तिने अहवालात नोंदवलं: 'सायंकाळी ग्रामस्थ शंभर टक्के निसर्गात आढळले. पैकी बहुतांश नतमस्तक होते.' गावाचा पहिला नंबर आला. निसर्गासाठी एवढी पायपीट करणाऱ्यांची सोय व्हावी म्हणून बक्षिसादाखल गावातच टॉवर मंजूर झाला.

ग्रामसभेत एकट्या गुणाबाई उठल्या. "टावर नगं."

सरपंच मन्मथआप्पा चकित झाले. "का वो काकू? घरी बसून लेक दिसंल की."

"लेक दिसंल, पर हे बोलायचे न्हाईत. माळ उतरतानाच तेवढं बोलतेत माझ्याशी."

सभा खळाळून हसली. शेषेराव कानापर्यंत लाल झाले आणि मोबाइलमध्ये बघू लागले (रेंज नसतानाही). गुणाबाईंचा विरोध विचारात घेऊन ठराव एकमताने मंजूर झाला.

दुसऱ्या वर्षी टॉवर उभा राहिला आणि माळ ओस पडला. शेषेराव बाजेवर पडून डोंगरदऱ्यांचे व्हिडिओ बघू लागले (निसर्गाची ओढ अशी सहज सुटत नाही). गुणाबाईंना घर खायला उठलं. त्यांनी थोडे दिवस कळ काढली. मग एका संध्याकाळी नवऱ्याच्या हातातला मोबाइल काढून घेतला, कमरेला खोचला आणि माळाची वाट धरली.

"अगं, कुठं चाललीस? मोबाइल दे आधी!" म्हणत शेषेराव अनवाणीच मागे धावले. कडुलिंबाखाली पोचेपर्यंत त्यांना धाप लागली. मोबाइल काही मिळाला नाही. उतरताना ते फुरंगटून पुढे पुढे चालत होते. शेवटी म्हणाले, "शेंगा चांगल्या धरल्यात औंदा."

"हाव," गुणाबाई म्हणाल्या. त्यांना फार बरं वाटलं. हा क्रम आता रोजचा झाला आहे.

वाचकांनी मात्र असा प्रयोग आपल्या घरी होऊ देऊ नये. मोबाइल गेला हे तुमच्या तत्काळ लक्षात येईल. तो घेऊन घरातलं कोण गेलं, हे कळायला मात्र शेजाऱ्याच्या फोनवरून आपलाच नंबर लावून विचारावं लागेल.