केवळराम सिग्नेचर मॉडेल

सन दोन हजार सात साली अख्ख्या गोंदिया जिल्ह्यात सिग्नेचर मॉडेलची इलेक्ट्रिक गिटार फक्त एका माणसाकडे होती, आणि तो माणूस म्हणजे मी! शंका असेल त्याने गोरेगावात येऊन कोणालाही विचारावं. फक्त माझ्या आईला विचारू नये.

सिग्नेचर मॉडेल म्हणजे काय, ते आधी सांगतो. तेव्हा मी हे गावातल्या किमान दीडशे लोकांना समजावलं होतं, आणि ती खोड अजून गेलेली नाही. एखादा जगप्रसिद्ध वादक असतो. कंपनी त्याच्या पसंतीची गिटार बनवते आणि तिच्यावर त्याची सही छापते. माझ्या गिटारीवर एका लांब केसांच्या गोऱ्या माणसाची सही होती. त्याचं नाव मला धड उच्चारता येत नसे, आणि त्याच्यासारखं वाजवणं तर मरेपर्यंत जमलं नसतं. पण सही होती! काळ्याभोर गिटारीवर, खुंट्यांच्या जागी, सोनेरी आणि तिरपी!

तेव्हा मी चोवीस वर्षांचा, पंचायत समितीत कनिष्ठ लिपिक. दसऱ्याला आम्ही सगळे नागपूरला दीक्षाभूमीवर गेलो होतो. आईबाबांनी तिथून पुस्तकं घेतली. मी दुसऱ्या दिवशी सीताबर्डीत जाऊन दोन वर्षं साठवलेला पगार एका काळ्या पेटीत घालून आणला. परतीच्या एसटीत ती पेटी मांडीवर घेऊन बसलो, तर बाबांनीच कंडक्टरला हाक मारली.

"भाऊ, ह्या पेटीचं लगेज फाड!"

कंडक्टर म्हणाला, "राहू द्या ना काका."

"कायले राहू द्या? नियम हाय!"

माझे बाबा, केवळराम शहारे, हे एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. बत्तीस वर्षं गोंदिया ते कोहमारा. रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती. तेव्हापासून ते अंगणातल्या खाटेवर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक एसटीची वेळ घड्याळात पाहायचे आणि ती उशिरा असली की दिवसभर गप्प असायचे. म्हणजे जवळजवळ रोजच.

गिटार घरी आली तेव्हा मोहल्ल्यातले तीसेक लोक ऐकायला जमले. मी पेटी उघडली, पट्टा गळ्यात घातला, डोळे मिटले आणि तारांवर हात फिरवला. मच्छरदाणीत अडकलेल्या डासासारखा आवाज आला. इलेक्ट्रिक गिटार अॅम्प्लिफायरशिवाय वाजत नाही, हे मला माहीत होतं. त्या तीस लोकांना माहीत नव्हतं.

आई म्हणाली, "आवाज पेटीतच राह्यला का पाह्य बरं!"

हसा! त्या दिवशी सगळेच हसले. पण माझा डोळा होता गोंदियाच्या चुन्नीलाल यांच्या ऑर्केस्ट्रावर. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई, म्हणजे जत्रा भरते, आणि ज्या गावच्या मंडईत चुन्नीलालचा ऑर्केस्ट्रा, त्या गावाची कॉलर वर्षभर ताठ! त्या स्टेजवर एकदा उभं राहायचं, गिटार घेऊन, आपल्या माणसांसमोर. मला दुसरं काही म्हणजे काही नको होतं.

त्यांच्याकडे बंटी नावाचा गिटारवादक होता. वाजवायचा चांगला, पण त्याच्या गिटारीचं बटण रबरबँडने बांधलेलं. चुन्नीलालना यंदा काहीतरी नवीन दाखवायचं होतं. मी त्यांना भेटून सिग्नेचर मॉडेलचं सांगितलं, तेव्हा त्यांनी पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवला.

"भूपेंद्र, बजाना आता है?"

"आता है," मी म्हणालो. मला चार कॉर्ड आणि एक धून येत होती.

"परसों घर आके देखता हूँ. सिग्नेचर असली होना! पोस्टर पे डालूंगा."

ही बातमी मी घरी नाचत सांगितली. आईने एवढंच विचारलं, "तेथी अजून कोनाच्या गिटारी राहतीन का?"

"दोन-तीन राहतील."

आई गप्प झाली. आई गप्प झाली की घरात काहीतरी होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं!

आता आमच्या आईची गोष्ट. आमच्या घरात नाव न टाकलेलं भांडं नव्हतं. विहारात चौदा एप्रिलच्या जेवणाला मोहल्ल्यातले सगळे गंज, पराती, बादल्या एकत्र होतात. कोणाच्या लग्नात आमचा पाण्याचा पितळी गुंड जातो, कोणाच्या बारशाला आमची पातेली. म्हणून नवी वस्तू आली की आई आधी ती सुकरामकडे नेणार. सुकराम आठवडी बाजारात भांड्याच्या दुकानाबाहेर बसायचा आणि त्याच्या छोट्या मशीनने टर्रर्र करत ठिपक्याठिपक्यांची अक्षरं कोरायचा. नाव कोणाचं? घरच्या कर्त्या माणसाचं. श्री. केवळराम झिबल शहारे, गोरेगाव. चमच्यावर फक्त के. झि. श.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आलो, तर गिटार दिवाणावर उताणी ठेवलेली आणि शेजारी आई, नवरी सजवून बसल्यासारखी.

"पाह्य, कसं उठून दिसून राह्यलं!"

गिटारीच्या काळ्या पोटावर, आडवं, ठसठशीत, वर पांढरा खडू घासून उठवलेलं: श्री. केवळराम झिबल शहारे, गोरेगाव!

मी खुंट्यांच्या जागी पाहिलं. "सही! सोनेरी सही कुठं गेली?"

"थे सुकरामनं पॉलिश पेपरानं घासून काढली. तेथीच नाव टाकणार होता, पन जागा कमी पडली, म्हून पोटावर टाकला. घासायचे पैसेबी नाही घेतला बिचारा!"

"आई! त्या सहीसाठीच तर घेतली होती ना मी!"

"काऊन? आपल्या घरच्या वस्तूवर दुसऱ्याचं नाव? लोक म्हनतीन, कोनाची उचलून आनली! आन् थ्या ऑर्केस्ट्राच्या ट्रकात चार गिटारी, वापस येताना कोनाची कोनती, कसं समजन?"

मी रात्री जेवलो नाही. आईने माझं ताट झाकून ठेवलं. ताटावरही तेच नाव.

सकाळी दहाला चुन्नीलाल आपल्या जीपमधून उतरले. बाबा नेमके पेन्शनच्या कामाला गोंदियाला गेले होते. मी पेटी उघडली आणि मान खाली घातली. चुन्नीलालनी चष्मा लावला, अक्षरावर बोट ठेवून वाचलं.

"ये... केवलराम शहारे... ये कौन है?"

खरं सांगितलं असतं, तर ऑर्केस्ट्रा हातचा गेला असता. माझ्या जिभेने माझी परवानगी न घेता उत्तर दिलं, "बहुत बड़े हैं."

"गिटारिस्ट?"

"पुराने. इधर के ही हैं."

चुन्नीलाल हा असा माणूस, की अमुक कलाकार मला माहीत नाही हे त्यांनी जन्मात कबूल केलं नव्हतं. ते क्षणभर छताकडे पाहत राहिले आणि म्हणाले, "अरे, सुना है! सुना है! क्या हाथ था उनका!"

मी सुटलो. तेवढ्यात आई पाणी घेऊन आली. चुन्नीलालनी पेला तोंडाला लावला, खाली घेतला आणि पेल्याकडे बघतच राहिले.

"अरे! ग्लास पे भी?"

मग त्यांनी तांब्या पाहिला. मग ट्रे पाहिला. मी घाईघाईने म्हणालो, "वो... हम लोग फॅन हैं उनके. पूरा घर."

चुन्नीलालच्या डोळ्यांत पाणी आलं. "इसको बोलते हैं कलाकार की इज्जत!" आई मात्र माझ्याकडे अशी बघत होती, की हा पोरगा कोणाच्या फॅनचं बोलतोय आणि लाइट तर गेली आहे!

आठ दिवसांनी गोरेगावच्या मंडईचे पोस्टर लागले. 'प्रथमच आपल्या गावात! केवलराम सिग्नेचर गिटार!' मी ते बाबांच्या नजरेला पडू नये म्हणून तीन ठिकाणचे फाडले.

मंडईच्या दिवशी दुपारी चारला कार्यक्रम. समोर माणसंच माणसं, जिलेबीचा वास, आकाशपाळण्यात किंचाळणाऱ्या पोरी. मी नवा शर्ट घालून स्टेजच्या कडेला उभा. आई आणि बाबा तिसऱ्या रांगेत. चुन्नीलालनी माईक घेतला.

"भाइयों और बहनों! गिटार की दुनिया का वो नाम, जो आज हमारे बीच..." इथे त्यांना 'नहीं है' म्हणायचं होतं. त्यांनी त्यासाठी आवाजही जड केला होता. "केवलराम झिबल शहारे!"

मंडपात लोक एकमेकांकडे पाहू लागले. मग मागून कोणीतरी ओरडलं, "थे तं थे बसले हायत! तिसऱ्या लायनीत!"

"कोन, कंडक्टर केवळराम? गिटार वाजवते?"

"तिकिटा फाडता फाडता शिकला असन बाप्पा!"

चुन्नीलालचं तोंड उघडं राहिलं, पण मुरलेला माणूस! "और वो खुद यहाँ मौजूद हैं! आइये, गुरुजी!"

लोकांनी बाबांना अक्षरशः उचलून स्टेजवर ठेवलं. बंटीने त्यांच्या हातात गिटार दिली. बाबांनी ती पोतं धरावं तशी धरली, पोटावरचं नाव वाचलं आणि मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी हात जोडले. त्या माणसाने उभ्या आयुष्यात एक पेटी बिनतिकीट नेऊ दिली नव्हती. हा आता सगळं खरं सांगणार, मी संपलो!

बाबांनी माईकसमोर घसा खाकरला.

"मंडळी, आता ह्या बोटाइनं तिकीटबी फाटत नाही, गिटार काय वाजन? पन माहा पोरगा वाजवते. नाव माहं हाय, हात त्याचा हाय. ये रे भूपेंद्र!"

माझ्यासाठी बाबा आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही माईकवर. मला रडू येत होतं, पण रडायला वेळ नव्हता, कारण आता मला खरोखर वाजवायचं होतं!

मी गिटार गळ्यात घातली. समोर सगळं गाव, पंचायत समितीचे बीडीओ साहेबसुद्धा. मला येणारी एकुलती एक धून मी सुरू केली. चार भोंग्यांमधून जो आवाज निघाला, त्याने पाळण्यातल्या पोरी किंचाळायच्या थांबल्या. मी घाबरून जोर लावला. टँग! तार तुटून माझ्या कानाला लागली. मंडप हसू लागला. शिट्ट्या सुरू झाल्या. "अबे, लगेज उतरव!" असंही कोणी ओरडलं.

तेव्हा बाबांनी माईक धरला.

"चला, चला! मागचे पुढं सरका! लहान लेकराइले मांडीवर घ्या! कोहमारावाले दाराजवळ उभे नका राहू! गाडी अजून सुटली नाही, पंचर झाली हाय!"

बत्तीस वर्षांचा आवाज तो! अर्धा मंडप त्यांच्याच गाडीने शाळेत गेलेला. माणसं हसता हसता टाळ्या वाजवू लागली. बाबा एकेकाला नाव घेऊन टोमणे मारत होते, आणि तेवढ्यात बंटीने माझ्या गळ्यातून गिटार अलगद काढून घेतली. त्याने उरलेल्या पाच तारांवर असं वाजवलं, की म्हाताऱ्या बायकाही मान डोलावू लागल्या.

कार्यक्रम संपल्यावर चुन्नीलाल मला बाजूला घेऊन म्हणाले, "गिटार सीझनभर देगा? और तेरे बाबूजी भी चाहिए. अनाउन्सर."

"और मैं?"

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तू आते रहना बेटा."

घरी जाताना मी आईला म्हणालो, "तू माझी गिटार बरबाद केलीस!"

"कोठी बरबाद झाली? थ्या बंटीनं वाजवली तं किती छान वाजली!"

बाबा मात्र दारात थांबले. "तुले वाईट वाटत असन तं मी नाही जाणार, भूपेंद्र. तुही जागा होती थे."

मला वाईट वाटत होतं. खूप वाटत होतं. पण मी त्यांच्याकडे पाहिलं, तर दोन वर्षं खाटेवर बसून वाळलेला माणूस कपाळावरचा घाम पुसत होता आणि हसू काही लपत नव्हतं. मी म्हणालो, "जा बाबा. गिटारही घेऊन जा."

बाबांनी चार हिवाळे केले. देवरीपासून तिरोड्यापर्यंत एक मंडई सोडली नाही. गिटार प्रत्येक वेळी बरोबर घरी आली, हे आईच्या बाजूने सांगायलाच हवं. पुढे डीजे आले, ऑर्केस्ट्रा बसला, आणि दोन हजार चौदाला बाबाही गेले. आजही संध्याकाळी एसटी गेली की मला तो आवाज आठवतो आणि मी घड्याळात वेळ पाहतो.

त्या चार वर्षांत कार्यक्रम गोरेगावच्या आसपास असला की मी आणि आई तिसऱ्या रांगेत असायचो. बाबा प्रत्येक वेळी न चुकता सांगायचे, "गिटारीचे मालक, माहा पोरगा, भूपेंद्र शहारे!" मी उठून उभा राहायचो, चारही दिशांना नमस्कार करायचो. टाळ्या पडायच्या. एकदा टाळ्या जरा जास्त पडल्या, म्हणून मी जरा जास्त वेळ उभा राहिलो. तोवर बंटीने वाजवायला सुरुवात केली होती, आणि मागून आवाज आला:

"अबे ए, खाली बस ना! गिटारवाला दिसून नाही राह्यला!"

बसलो.